हापशीसमोरच्या फळ्याची जप्ती

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
मंडल कार्यालय, लिंबधरा,
जि. आदिलाबाद, तेलंगणा.

अर्जदार : दौलत दादाजी उमरे, वय ६८, निवृत्त मुख्याध्यापक (मराठी माध्यम), राहणार मौजे वडधामणी.

विषय : जप्त केलेला काळा फळा (एक नग) परत मिळण्याबाबत व माझ्यावर ठेवलेल्या पूर्वग्रहाच्या ठपक्याबाबत.

संदर्भ : १) जप्तीचा पंचनामा, दि. २० सप्टेंबर २०२४.
२) आपली नोटीस, दि. २३ सप्टेंबर २०२४.
३) मूळ तक्रारीची नकल, माहितीच्या अधिकारात दि. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळालेली.

महोदय,

आपल्या खुर्चीविषयी पूर्ण आदर राखून, आणि आदर फक्त खुर्चीपुरता ठेवण्याची कायद्यात मुभा आहे असे समजून, खालीलप्रमाणे निवेदन करतो.

१. आपल्या नोटिशीत असे नमूद आहे की, अर्जदार हा “एका विशिष्ट धर्माविषयी पूर्वग्रह” बाळगून सार्वजनिक ठिकाणी लिखाण करतो. सबब त्याने तसे कबूल करणाऱ्या हमीपत्रावर सही करावी, म्हणजे फळा परत करण्यात येईल. मी सही करणार नाही. कारण आरोप खोटा आहे. मला एका धर्माविषयी पूर्वग्रह नाही. मला सर्व धर्मांविषयी सारखाच तिटकारा आहे, आणि तो पूर्वग्रह नसून अनुभव आहे. ‘एका’ हा शब्द माझ्या दहा वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवणारा आहे. एवढे समदर्शी काम या मंडलात दुसरे कोणी केलेले असल्यास त्याचे नाव कळवावे.

२. फळ्याची हकीकत अशी. मी २०१४ च्या जूनमध्ये निवृत्त झालो. शाळेने मला शाल, नारळ आणि घड्याळ दिले. नारळ मी तिथेच ठेवून आलो. शाळेचा एक जुना फळा भंगारात निघाला होता, तो मी रीतसर पावती घेऊन आणला, त्याला नवा काळा रंग दिला आणि माझ्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लावला. समोर गावची हापशी आहे. नळ दारोदार आले आहेत, परंतु पाणी त्याच्या मर्जीने येते. म्हणून सकाळी दोन तास हापशीवर गर्दी असते. गावात सर्वांत जास्त डोळे जिथे जमतात, ती जागा मी निवडली. रोज पहाटे एक वाक्य लिहायचे आणि ते वहीत उतरवून ठेवायचे, असा नेम केला. दोनदा दवाखान्यात होतो ते दिवस सोडता हा नेम मोडलेला नाही.

३. लिखाणाचा नमुना आपल्या माहितीसाठी देतो. “उपवासाने देव पावला असता, तर आपल्या गावातून त्याचा पाय निघाला नसता.” “लेकराला नजरेचा ठिपका आज लावता आणि लस मात्र पुढच्या महिन्यात टोचू म्हणता.” आमच्या बौद्ध समाजालाही मी सोडलेले नाही : “परित्राणाचा पांढरा धागा मनगटाला बांधला की ताप उतरतो, असे तथागतांनी कुठे सांगितले ते दाखवा आणि माझी सायकल घेऊन जा.” सायकल अद्याप माझ्याकडेच आहे. चर्चच्या तेलाबद्दलही लिहिले आहे. जो न्याय एकाला तोच दुसऱ्याला.

४. आता पंचनाम्याविषयी. दि. २० सप्टेंबर, शुक्रवार रोजी आपले गिरदावर (महसूल निरीक्षक) आणि दोन शिपाई जीपने माझ्या दारी आले तेव्हा सकाळचे पावणेअकरा वाजले होते. ते खाली उतरले नाहीत. मी दोनदा जाऊन विचारले. गिरदावर साहेबांनी मोबाइलकडे बोट दाखवून सांगितले की, बारा वाजेपर्यंत राहुकाल आहे, या वेळात सरकारी कामाला हात लावत नसतात. सव्वा तास ते जीपमध्ये बसून होते. जीपच्या पुढे लिंबू-मिरची टांगलेली होती, ती वाऱ्याने हलत होती. मी त्यांना चहा दिला. बारा वाजून दोन मिनिटांनी ते उतरले आणि अंधश्रद्धेची खिल्ली उडवणारा माझा फळा त्यांनी शुभ वेळ साधून जप्त केला. पंचनाम्यात या सव्वा तासाबद्दल एक अक्षर नाही. ‘घटनास्थळी पोहोचताच’ असे लिहिले आहे. पोहोचताच म्हणजे किती वाजता, हे राहूला माहीत असावे.

५. तक्रारदाराचे नाव नोटिशीत दिलेले नव्हते, त्यामुळे मला गावात शोध घ्यावा लागला. ज्या तिघांवर संशय होता त्यांच्याकडे मी स्वतः गेलो. चंपतराव हे कापसाचे मोठे शेतकरी, त्यांच्या घरी बारा महिने कोणते ना कोणते व्रत असते. ते म्हणाले, “गुर्जी, मी काऊन करीन तक्रार? दरग्याचं लिवलं तवा म्या फोटो काढून भाच्याले धाडला ना!” दर्ग्याचे मुजावर चाँदसाब म्हणाले, “मास्टर, आप उनके देवां पे लिखते सो दिन मैं लोगां को बुलाको दिखातूं.” विहार समितीचा सचिव संघपाल माझा विद्यार्थी आहे. तो म्हणाला, “सर, धाग्याचं तेवढं सोडलं तं बाकी तुमचं समदं बरोबर हाय.” म्हणजे गावातल्या प्रत्येक शहाण्याला माझा फळा पसंत होता, फक्त त्याच्या दारासमोरचे तेवढे झाडू नये, अशी अपेक्षा होती. अशा लोकांनी तक्रार केली नाही याचे मला आश्चर्य वाटले आणि थोडे वाईटही वाटले.

६. शेवटी मी तक्रारीची नकल मागितली. ती घ्यायला दि. ९ ऑक्टोबरला आपल्या कार्यालयात आलो असता माझा फळा मला दिसला. तो जप्तीच्या खोलीत नव्हता. तो व्हरांड्यात खुंटीला टांगलेला होता आणि त्यावर आयुधपूजेचा कार्यक्रम लिहिलेला होता : शुक्रवारी दहा वाजता, सर्वांनी आंघोळ करून यावे, संगणक व शिक्के आदल्या दिवशी पुसून ठेवावेत. आणखी पाच दिवसांनी आलो तेव्हा फळ्याच्या चौकटीला हळदीची पाच बोटे आणि मधोमध कुंकू लागले होते. वर झेंडूची सुकलेली माळ होती. साहेब, पुरावा म्हणून जप्त केलेल्या वस्तूची पूजा करण्याची तरतूद कोणत्या कलमात आहे, ते कृपया कळवावे. दहा वर्षांत त्या फळ्याने कोणाचा नमस्कार घेतला नव्हता. आपल्या ताब्यात तीन आठवडे राहिला आणि देव झाला.

७. तक्रारीची नकल वाचून मला धक्का बसला. ती चंपतरावांची नाही, मुजावरांची नाही, संघपालचीही नाही. ती गावातल्या सोळा बायांची आहे. पहिली सही पंचफुला दौलत उमरे हिची आहे. ही माझी पत्नी होय. दुसरी चंपतरावांच्या पत्नी जयवंताबाई यांची आहे. सोळांपैकी अकरा जणींना सही करायला मी शिकवले, माझ्याच ओसरीवरच्या साक्षरता वर्गात, कंदिलाच्या उजेडात. अक्षर पंचफुलाचे आहे. तिची अक्षरे मी हात धरून गिरवून घेतली होती, त्यामुळे खात्री करण्याची गरज पडली नाही.

८. तक्रारीतला मजकूर जसाच्या तसा असा :

“गुर्जी वाईट मानूस नाई. पन त्यायनं आमाले वाचाले शिकवलं अन् मंग आमचीच टिंगल वाचाले लावली. घागर भरेपर्यंत दुसरीकडं पाहाव तं कुठं पाहाव? दहा साल झाले, आमी वाचून राह्यलो. पाळन्याचं लिवलं त्या दिवशी भाग्यलक्ष्मीची घागर अर्धीच राह्यली. ते पोरगी आता हापशीवर येत नाई. जयवंताबाई म्हंते, पाळना सुनेचं मन राहाव म्हून बांधला. आमचं एवढंच म्हननं हाय का फळा दुसरीकडं लावाव. अन् लाल पेन हरपला तं घरातले समदे डबे कोन उपसत होतं, हे बी गुर्जीनं एकडाव फळ्यावर लिवाव.”

९. या तक्रारीत धर्म हा शब्द कुठेही नाही. मग नोटिशीत तो कुठून आला, याची चौकशी मी आपल्या लिपिकाकडे केली. त्यांनी संगणक वळवून दाखवला. तक्रारीचा प्रकार निवडण्यासाठी त्यात रकाने आहेत : जमीन, रस्ता, पाणी, पेन्शन, जात, धर्म. बायांची टिंगल असा रकाना नाही. लिपिकाला मराठी वाचता येत नाही. फळ्यावर देवाबद्दल काहीतरी आहे एवढे त्याला शिपायाने सांगितले, आणि त्याने धर्मावर बोट ठेवले. पाण्याच्या रकान्यात टाकली असती, तरी ती तक्रार सत्याच्या जास्त जवळ गेली असती. अशा रीतीने मी धर्मद्वेष्टा झालो. सरकारी कामात ज्ञान लागत नाही हे मला ठाऊक होते, परंतु अज्ञानाचीही इतकी पक्की नोंद होते हे नव्याने कळले.

१०. पाळण्याच्या वाक्याचा खुलासा करणे आवश्यक आहे. चंपतरावांची सून भाग्यलक्ष्मी हिचे मूल दोन वेळा दिवस भरण्याआधीच गेले. त्यानंतर जयवंताबाई सुनेला घेऊन दर्ग्यावर गेल्या आणि तिथल्या चिंचेला लाकडी पाळणा बांधून आल्या. सोबतीला माझी पत्नी गेली होती. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली बाई! मी तिला घरी काही बोललो नाही. दि. ४ सप्टेंबर रोजी फळ्यावर लिहिले : “ज्या झाडाला पाळणा बांधला की मूल होते, ते झाड स्वतः अजून निपुत्रिक कसे?” हे माझ्या दहा वर्षांतले सर्वोत्तम वाक्य आहे, असे मला त्या दिवशी वाटले. तिघांनी त्याचा फोटो काढला. शास्त्रीय दृष्ट्या त्यात चूक नाही. औषध कडू म्हणून वैद्याला नोटीस देत नसतात.

११. त्या दिवसापासून माझी पत्नी माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, कपडे धुते, गोळ्या काढून ठेवते. तोंड उघडत नाही. शिवाय भाग्यलक्ष्मी हापशीवर येत नाही म्हणून हीदेखील येत नाही. दोघी चंपतरावांच्या मळ्यातल्या विहिरीवर जातात. ती विहीर अर्ध्या कोसावर आहे. फळा निघाल्यावरही या दोघी हापशीवर परत आल्या नाहीत. म्हणजे माझ्या दारात हापशी, आणि माझ्या घरातले पाणी अर्ध्या कोसावरून येते. याबाबत आपल्या कार्यालयाने काय कार्यवाही केली, ते कळवावे. पाण्याचा रकाना आपल्याकडे आहे.

१२. माझी निःपक्षपातीपणाची बाजू सिद्ध करण्यासाठी मी वहीतल्या मागच्या एका वर्षाच्या, रूढींवर लिहिलेल्या ३१२ फळ्यांचा तक्ता तयार केला आहे. हिंदू रूढी १३१, दर्गा व मुसलमान रूढी ८४, आमचे विहार ७९, चर्च १८. पाळण्याचे वाक्य कुठे धरावे असा प्रश्न आला होता, कारण बाई हिंदू, झाड दर्ग्याचे आणि सोबत बौद्ध. शेवटी झाड स्थावर असल्याने दर्ग्याकडे धरले. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर आमच्याच समाजाला माझ्याकडून जास्त वाटा गेला आहे. या तक्त्यावरून ‘एका विशिष्ट धर्माविषयी’ हा ठपका निकाली निघतो. सबब फळा विनाअट परत करावा, कुंकू पुसून द्यावे, आणि पंचनाम्यात राहुकालाची नोंद घ्यावी.

येथपर्यंतचा अर्ज मी दि. १४ ऑक्टोबर रोजी पूर्ण केला होता. दुसऱ्या दिवशी तो द्यायला आलो असता लिपिकाने तेलुगू भाषांतराशिवाय घेणार नाही असे सांगून परत केला. नवीन कोरा अर्ज लिहिता आला असता. परंतु मी अडतीस वर्षे मुलांना सांगत आलो की चूक खोडरबराने पुसायची नाही, तिच्यावर आडवी रेघ मारायची, म्हणजे काय चुकले ते दिसते. म्हणून वरचे तसेच ठेवून पुढचे लिहितो. रेघ कुठून कुठपर्यंत मारायची ते पुढे येईल.

१३. भाषांतरासाठी अर्ज मी माझी मुलगी अर्पिता हिच्याकडे मंचेरियलला पाठवला. ती तिथे शिक्षिका आहे. तिचा फोन आला. तक्ता चांगला आहे म्हणाली. मग म्हणाली, “बाबा, अजून एक रकाना पाडा ना. हे समदं करते कोन, बाया का मानसं?” मी तिला सांगितले की विज्ञानाला बाई-पुरुष कळत नाही. ती म्हणाली, “मंग पाडाले काय जाते?”

१४. मी रागानेच रकाना पाडला. ३१२ फळ्यांपैकी दोघेही करतात अशा गोष्टींवर ३२ निघाले. पुरुष करतात अशा गोष्टींवर ९. उरलेले २७१ बायांवर. मी पुन्हा मोजले. आकडा बदलला नाही. उपवास बायांचे, ठिपका बायांचा, धागा बांधणाऱ्या बाया, तेल लावून घेणाऱ्या बाया, अंगात येते त्या बाया, पाळणा बांधणाऱ्या बाया. धर्माचे नाव तेवढे रोज बदलत होते. मी चार दारांनी आत शिरत होतो, आणि प्रत्येक वेळी एकाच खोलीत जात होतो.

१५. मग काय काय लिहिले नाही, याची आठवण करत बसलो. चंपतरावांनी ट्रॅक्टर आणला तेव्हा त्याच्या चारी चाकांखाली लिंबू ठेवून ते चिरडले होते. मी हजर होतो. संघपालने नवीन घरात राहायला जाण्याआधी गुपचूप ब्राह्मणाकडून तिथी काढून आणली. मला माहीत होते. भैंशाच्या बाजारात कापूस नेला तेव्हा पहिले माप काट्यावर चढण्यापूर्वी काट्याची पूजा झाली. तिथे मी दोन्ही हात बांधून उभा होतो आणि पेढा खाऊन आलो. त्याच दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी उपवासावर लिहिले. तारीख वहीत आहे. काऊन, असे मी स्वतःला आमच्या भाषेत विचारले. उत्तर सोपे आहे आणि लाजिरवाणे आहे. ती माणसे माझ्याबरोबर बसून चहा पितात आणि त्यांच्यावर लिहिले असते तर त्यांनी फळा फोडला असता. हापशीवरच्या बाया फोडणार नव्हत्या. त्यांच्या हातात घागर होती.

१६. लाल पेनाबाबत. तक्रारीतला तो मजकूर खरा आहे. निकालपत्रके मी नेहमी एकाच लाल पेनाने केली. त्याची नळी बदलत असे, पेन तोच. १९९८ साली तो हरवला होता तेव्हा निकाल एक दिवस पुढे ढकलला, तब्येतीचे कारण दिले, आणि घरातले धान्याचे डबे उपसले. पेन ज्वारीच्या डब्यात सापडला. त्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला. याचा पेनाशी संबंध नाही हे मला तेव्हाही कळत होते. पंचफुलाने सव्वीस वर्षे ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, हे मात्र मला आता कळले.

१७. काल, दि. २० ऑक्टोबर, रविवारी सकाळी मी चंपतरावांच्या मळ्यातल्या विहिरीवर गेलो. भाग्यलक्ष्मी आणि पंचफुला पाणी शेंदत होत्या. मी भाग्यलक्ष्मीला समजावून सांगण्याच्या इराद्याने गेलो होतो, हे कबूल करतो. अडाणीपणा तिचा दोष नाही, परिस्थितीचा आहे, असे वाक्य मनात तयार होते. ते बोलण्याची वेळ आली नाही. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, “गुर्जी, पाळन्यानं लेकरू होत नाई हे मले मालूम नाई काय? मी बीएस्सी शिकली. रिपोर्ट म्या सोता वाचला. पन सासूबाई रोज रडून राह्यल्या होत्या. त्यायचं मन राहाव म्हून बांधला.” तीच पुढे म्हणाली, “तुमी लिवलं ते खोटं नवतं. पन माह्या हातात घागर होती अन् मांगं आठ बाया उभ्या होत्या.”

१८. साहेब, तक्रारीचा आठव्या परिच्छेदातला मजकूर कृपया पुन्हा वाचावा. जयवंताबाई म्हणतात, सुनेचे मन राहावे म्हणून बांधला. सून म्हणते, सासूचे मन राहावे म्हणून बांधला. माझी पत्नी गेली ती, भाग्यलक्ष्मीच्या सांगण्याप्रमाणे, दोघींना एवढ्या वाटेला एकटे सोडवेना म्हणून. पाळण्यावर विश्वास तिघींपैकी एकीचाही नव्हता. त्या चिंचेखाली त्या दिवशी तीन समजदार बाया उभ्या होत्या आणि प्रत्येक जण दुसरीला जपत होती. विश्वास ठेवणारे माणूस त्या सगळ्या प्रकरणात एकच होते. या बाया अडाणी आहेत यावर त्याचा गाढ विश्वास होता आणि त्यासाठी त्याने कधी पुरावा मागितला नाही. पुरावा मागणे हेच त्याचे काम होते. सबब मी परिच्छेद १० मधील ‘सर्वोत्तम वाक्य’ आणि ‘वैद्य’ या शब्दांवर, परिच्छेद ११ मधील शेवटच्या दोन वाक्यांवर, आणि परिच्छेद १२ वर पूर्ण, आडवी रेघ मारतो. परिच्छेद ४ आणि ६ वर मारत नाही. ते खरे आहेत.

१९. गैरसमज नको म्हणून स्पष्ट करतो. पाळणा बांधल्याने मूल होत नाही. धाग्याने ताप उतरत नाही. राहू जीप अडवत नाही. यातले काहीही मी मागे घेत नाही आणि नमस्कारही कोणाला करणार नाही. पाळण्याबाबत तर आता त्या तिघींचेही हेच मत आहे, तेव्हा गावात आम्ही किमान चार झालो. परंतु खरे बोलायला मी जागा निवडली ती अशी, की समोरच्याला घागर भरेपर्यंत हलता येऊ नये. अडतीस वर्षे वर्गात मुले अशीच समोर बसलेली असत. त्याची सवय लागली असावी. हे कारण आहे, सबब नाही.

२०. विहिरीवरून परत निघताना पंचफुलाने भरलेली घागर माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “आलेच हाय तं हे घ्या.” सेहेचाळीस दिवसांनी ती माझ्याशी बोलली. अर्धा कोस घागर आणताना मी तीनदा खाली ठेवली आणि घरी पोहोचेपर्यंत तिच्यातले पाव पाणी माझ्या धोतरावर होते. ती मागून रिकाम्या हाताने येत होती. हसली नाही, पण हसू दाबत असावी असा माझा अंदाज आहे. हा अंदाज पुराव्याशिवाय आहे.

सबब विनंती की :

अ) नोटिशीतील “एका विशिष्ट धर्माविषयी” हे शब्द काढून त्या जागी “बायांविषयी” असा शब्द घालावा. त्या हमीपत्रावर मी, आपण दि. २८ ऑक्टोबरला ठेवलेल्या सुनावणीत, सर्वांसमक्ष सही करीन. संगणकात तसा रकाना नसल्यास तो पाडावा. पाडायला काय जाते?

आ) पंचनाम्यात सकाळी पावणेअकरा ते बारा या वेळेत जप्ती का झाली नाही, याचे कारण गिरदावर साहेबांच्या स्वाक्षरीने नोंदवावे. पुरुषांवरचा दहावा फळा तोच असेल असे मी ठरवले होते, परंतु फळ्यावर काय लिहायचे हे आता माझ्या हातात नाही. म्हणून निदान पंचनाम्यात तरी असावे.

इ) फळा मला परत करू नये. तो तक्रारदार क्र. १, पंचफुला दौलत उमरे यांच्या ताब्यात द्यावा. तो कुठे लावायचा, लावायचा की नाही, आणि त्यावर पहिले काय लिहायचे, हे त्या सोळा जणी ठरवतील. मी विचारलेले नाही. त्यांनी माझ्यावरच काही लिहिले तर माझी हरकत नाही. मी रोज सकाळी हापशीवर घागर घेऊन उभा राहीन आणि भरेपर्यंत वाचीन.

ई) कुंकू आपण पुसू नये. ओले फडके मी आणीन.

आपला,
वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी नम्रपणाची बाराखडी गिरवणारा,

(सही)
दौलत दादाजी उमरे
मौजे वडधामणी, दि. २१ ऑक्टोबर २०२४

सोबत जोडले :
१. नोटीस व पंचनामा यांच्या प्रती.
२. सोळा बायांच्या तक्रारीची नकल.
३. ३१२ फळ्यांचा तक्ता, नवीन रकान्यासह.
४. अर्पिताने केलेले तेलुगू भाषांतर. (परिच्छेद १६ च्या शेजारी तिने पेन्सिलीने काढलेले हसरे तोंड तसेच ठेवले आहे.)
५. खडूंची पेटी, एक. फळ्याबरोबर द्यावी.
६. लाल पेन, एक. हा जोडणार होतो. सुनावणी होईपर्यंत माझ्या खिशात राहू द्यावा, ही विनंती.